ताटातलं शीत आणि रिपोर्टातली साखर

मागच्या अंकात मी एक आकडा दिला होता, तो वाचून बऱ्याच जणांची झोप उडालेली दिसतेय. 2023 मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले, त्यात देशात मोठ्या माणसांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के निघालं आणि आपल्या गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत वर आपणच. चार मोठी माणसं जेवायला बसली की त्यातल्या एकाला आहे असं धरूनच चाला. त्यावर मेल, पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्य नाही, जे परत परत आले ते घेतलेत. नावं छापत नाहीये, फक्त गाव देतेय.

ताई, माझे सासरे 64 वर्षांचे, रिटायर झालेत, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.9 आलंय. शेजारचे सांगतात शीत (भात) पूर्ण बंद करा, चपात्या द्या. चार दिवस दिल्या, आता ते जेवायलाच बसत नाहीत, म्हणतात शीत-हुमण (भात आणि माशांची कढी) नसेल तर जगून काय करू. सासूबाई चोरून वाढतात. घरात रोज भांडण. काय करू? (एक सून, फोंडा)

वहिनी, तुमचं पत्र वाचून खूप वाईट वाटलं, कारण हेच घर मला दर आठवड्याला दिसतं, फक्त गाव बदलतं. पहिली गोष्ट, शीत परत चालू करा. आज रात्रीच. साठ वर्षं जो माणूस शीत-हुमण जेवला त्याच्यासमोर एकदम चपाती ठेवून काही होत नाही, आणि त्यात फायदा तरी किती? दोन मध्यम चपात्या आणि एक वाटी भात, साखरेच्या हिशोबात जवळजवळ सारखंच पडतं. चपातीत फायबर थोडं जास्त हे खरं, पण चार चपात्या खाल्ल्या तर काय उपयोग. प्रश्न किती खातो याचा आहे, आणि किती खातो हे आपल्याला खरंच माहीत नसतं.

तुम्हाला एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक काका यायचे, दर वेळी सांगायचे मी थोडंसंच शीत खातो. मी एकदा म्हटलं, उद्या घरातलं तुमचं ताट घेऊन या आणि काकींना पण आणा, टोपातलं शीत पण आणा. आले बिचारे. काकींना म्हटलं रोज वाढता तसं दवल्याने वाढा. त्यांनी वाढलं, मग मी त्याच ताटातलं शीत आमटीच्या वाटीने मोजून बाजूला काढत गेले, एक, दोन, तीन... पाच वाट्या भरल्या आणि वर थोडं उरलं. काका बघतच राहिले, मग हळूच म्हणाले, "हें सगळें म्हजें?" त्यांनी खोटं कधीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांना सवय झालेली, डोंगर रोजचाच असला की तो सपाट दिसतो.

तर तुम्ही पण हेच करा, सासऱ्यांच्या समोर करा, त्यांच्या हातून करा. पाच निघाल्या तर पहिल्या आठवड्यात चार, मग तीन, मग दोनवर या. पण थांबा, त्याआधी डॉक्टरना फोन करा. कारण सासरे ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड अशी गोळी घेत असतील किंवा इन्सुलिन असेल, आणि तुम्ही एकदम जेवण कमी केलंत, तर साखर खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड असं झालं आणि मशीनवर 70 च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता ताटात जी जागा मोकळी झाली ती भरायची कशाने? तांबडी भाजी, दुधी, भेंडी, वालीच्या शेंगा, आळसांद्यांची उसळ, मुगाच्या गाठी, हे सगळं आपल्याकडे आहेच, फक्त ते ताटाच्या कोपऱ्यात लोणच्याएवढं वाढलं जातं. ते वाटीभर वाढा. आणि क्रम बदला, हा उपाय फुकटचा आहे म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत: आधी भाजी, मग नुस्तं (मासे), आणि शीत शेवटी. भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की जेवणानंतरची साखर कमी उसळते, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. बांगडा, तारले खाऊ द्या, त्यातली चरबी चांगली असते, पण रव्यात घोळून तेलात बुडवण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात भाजा, किंवा हुमणच करा. पावसात खारं सुकं नुस्तं खूप खाल्लं जातं, सासऱ्यांना बीपी असेल तर ते अगदी कमी. उकडं शीत असेल तर उत्तमच, उकड्या तांदळाने साखर पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा साधारणपणे हळू चढते, आणि भात तुसासकट उकडल्यामुळे कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पण उकडं म्हणून पाच वाट्या चालणार नाहीत हं.

आणि दुपारी जेवून लगेच आडवं होण्याची आपल्या सगळ्यांची सवय! झोप घ्या, मी झोप काढून घेत नाही. पण आधी दहा-पंधरा मिनिटं बाल्कांवात, अंगणात, नाहीतर घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या. स्नायू हलले की रक्तातली साखर ओढून घेतात.

शेवटचं, जे मला तुम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. सासऱ्यांसाठी वेगळं ताट लावू नका. त्यांच्यापुढे उकडलेली भाजी आणि बाकीच्यांपुढे तळलेली सुंगटं, असं केलंत तर सासूबाई चोरून वाढणारच, मी असते तर मी पण वाढलं असतं, नवऱ्याची दया येते हो. सगळ्यांच्या ताटात तेच, तेवढ्याच वाटीने. सासूबाईंनाच मोजायची वाटी हातात द्या, त्या या कामात आल्या की चोरी आपोआप बंद होते. तुमच्या मुलांना आणि तुमच्या नवऱ्याला पण हे ताट लागणारच आहे, त्यांच्याही रक्तात तेच आहे.

पाव बंद केला, आता सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोई (कोंड्याचा गोल पाव) घेतो, तीन खातो, चहाबरोबर. पोई चालते ना? (म्हापसा)

पोई पावापेक्षा बरी, यात वाद नाही, कोंडा असतो म्हणून. पण आजकाल पुष्कळ ठिकाणी आत जवळजवळ सगळा मैदा आणि वर नुसता कोंडा भुरभुरवलेला असतो. फोडून बघा, आतून पांढरीशुभ्र आणि कापसासारखी असेल तर ती पावाची बहीण समजा. तुमच्या पोदेराला सरळ विचारा, खरं सांगतात ते, गावातलं नातं असतं. आणि दादा, तीन नको. एक पोई, तीही नुसत्या चहात बुडवून नको, उसळीबरोबर किंवा अंड्याबरोबर. चहात साखर किती घालता ते लिहिलं नाहीत. दोन चमच्यांचे चार चहा झाले की दिवसाला चाळीस ग्रॅम साखर तिथेच संपली.

मी 38 वर्षांचा, वेर्णेला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. उंची 5 फूट 7, वजन 66, सगळे मला बारीकच म्हणतात. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीए1सी 6.2 आलं. रिपोर्ट चुकलाय का? मला कसा डायबिटीस होईल? (कुठ्ठाळी)

रिपोर्ट चुकला असेल अशी आशा करत बसू नका, हवं तर एकदा उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी परत करून घ्या. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबिटीस, 6.5 पासून पुढे डायबिटीस. तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात आणि अजून आत गेलेला नाहीत, म्हणून मला तुमचं पत्र आल्याचा आनंदच झाला.

आता बारीकपणाचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलंय. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! म्हणजे वजनकाट्याला आपण बारीक, पण आतून स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातली बरीचशी पोटात, लिव्हरभोवती. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की जास्त वजन धरतात. तुमचा हिशोब केला तर 22.8 येतो, म्हणजे कागदावर तुम्ही नॉर्मल. पण टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजा, श्वास न ओढता. पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांना 80 च्या वर गेलं की धोका. मला वाटतं तुमचं उत्तर त्या टेपवर मिळेल.

करायचं काय, तर तुम्हाला उपाशी राहायची गरज नाही, तुम्हाला स्नायू हवेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस दंड-बैठका, वजनं, जिम परवडत नसेल तर घरात पाण्याची कळशी उचला. आणि आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं. अमेरिकेत 2002 मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, तिथे उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि एवढंच चालायचं असं ठरवलं, तर साधारण तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या गोळीने 31 टक्क्यांनी. चालणं गोळीच्या पुढे गेलं. (ती माणसं जाड होती, तुम्ही नाही, म्हणून तुमच्यासाठी वजनापेक्षा पोटाचा घेर बघायचा.)

शिफ्टचं मला कळतं. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये मिरची भजी, बन्स आणि गोड चहाशिवाय काही नसतं. घरून डबा न्या, उकडलेले चणे, दोन अंडी, काकडी. रात्रपाळीत पोटभर जेवण मध्यरात्रीच्या आधी उरका, मग थोडंच. आणि दिवसाची झोप खोली काळोखी करून पूर्ण घ्या, झोप तुटली की भूक आणि साखर दोन्ही बिघडतात.

वय 52. गोळ्यांनी किडनी खराब होते असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं म्हणून तीन महिन्यांपूर्वी गोळ्या सोडल्या, रोज कारल्याचा रस आणि एका बाईंकडून आणलेली जांभूळबियांची पावडर घेते. उपाशीपोटी 240 आली. पावडरचा डोस वाढवू का? (पेडणे)

काकी, नको. डोस वाढवू नका, पावडर ठेवून द्या आणि या आठवड्यातच डॉक्टरकडे जा, लांब वाटत असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा, तिथेही साखर तपासतात. 240 हा आकडा वाट बघण्यासारखा नाही. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतंय का, तहान, खाज, पायाला मुंग्या, जखम भरत नाही असं काही असेल तर तेही सांगा, लाजू नका. उलट्या, पोटदुखी, जोरात श्वास असं काही झालं तर आठवडाही थांबू नका.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यांनी तुमच्या भीतीला हात घातला. खरी गोष्ट उलटी आहे: किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि चढलेलं बीपी. मेटफॉर्मिनने किडनी जात नाही, पण किडनी आधीच खूप कमजोर असेल तर डॉक्टर ती गोळी कमी करतात किंवा बंद करतात, आणि त्या दोन गोष्टींची सरमिसळ होऊन ही अफवा पसरली. तुम्हाला किडनीची काळजी असेल तर, आणि असायलाच हवी, वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, रोज रात्री पावलं बघा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 पण बघा, ते कमी होऊ शकतं आणि पायाच्या मुंग्या त्यानेही वाढतात.

झाडपाल्यावरचा विश्वास मी समजू शकते. तुम्हाला माहितीय, मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडातच आहे, गॅलेगा नावाची निळसर जांभळ्या फुलांची युरोपातली वनस्पती, तिच्यातल्या द्रव्याच्या अभ्यासातून हे औषध पुढे आलं. फरक एवढाच की त्याचा डोस मोजलेला आहे, दुष्परिणाम माहीत आहेत, लाखो माणसांवर वर्षानुवर्षं बघितलंय. त्या बाईंच्या पुडीवर काय लिहिलंय? काहीच नाही. अशा पुड्यांमध्ये कधी कधी चक्क अ‍ॅलोपॅथीची गोळी कुटून घातलेली सापडते. कारलं जरूर खा, भाजी करून खा, मेथी खा, पण गोळीच्या जागी नाही, ताटात.

उराकचा (काजूच्या दारूचा) सीझन आला की काय करायचं? एक ग्लास तरी? (काणकोण)

सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. न पिणं सगळ्यात बरं. घेणारच असाल तर उपाशीपोटी कधीच नाही, कारण दारू उतरवण्यात गुंतलेलं लिव्हर साखर सोडायचं विसरतं, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर मध्यरात्री साखर खाली येते, घरच्यांना वाटतं चढलीय म्हणून झोपलाय. हे मी बघितलंय, त्यामुळे घरात कोणाला तरी सांगून ठेवा. आणि उराक लिम्कात घालून पिण्याची जी आपली पद्धत आहे त्यात साखर उराकची नसते, लिम्काची असते. साधा सोडा, लिंबू, मीठ-मिरची. बरोबर शेव-फरसाण नको, उकडलेले शेंगदाणे चालतील मूठभर.

डायबिटीस एकदा झाला की जन्माचा, असं सगळे म्हणतात. पूर्ण जातो का? (डिचोली, फोंडा, कुडचडे, तीन पत्रं)

टाइप 2 असेल, फार जुना नसेल आणि वजन बऱ्यापैकी जास्त असेल तर तो मागे हटू शकतो. "बरा झाला" असं डॉक्टर म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात, कारण वजन परत आलं की तोही परत येतो. ब्रिटनमध्ये 2017 मध्ये डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, सहा वर्षांच्या आतला डायबिटीस असलेल्यांना काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींवर ठेवलं, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षानंतर 46 टक्के लोक गोळ्यांशिवाय रेमिशनमध्ये होते, आणि ज्यांचं 15 किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात 86 टक्के. दोन वर्षांनी 46 चे 36 झाले, हेही सांगायला हवं. लिव्हर आणि पॅनक्रियाजमध्ये साठलेली चरबी निघून गेली की इन्सुलिनचं काम परत सुरू होतं, असं ते संशोधक समजावतात. हे घरी एकट्याने करू नका, विशेषतः इन्सुलिनवर असाल तर अजिबात नाही. आणि पंधरा किलो नाही जमले, पाच जमले, तरी गोळ्या कमी होतात, बीपी उतरतं, गुडघे दुखायचे थांबतात. मी हे रोज बघते.

मानकुराद आंबा? गूळ? शुगर-फ्री बिस्किट? (अनेक जण)

मानकुराद अर्धा, जेवणातलं अर्धी वाटी शीत कमी करून, रस काढून नाही. गूळ म्हणजे साखरच, रंग वेगळा. शुगर-फ्री बिस्किटात मैदा आणि तेल असतंच, ते विकत घेऊ नका.

माझा मुलगा 11 वर्षांचा, वजन 58 किलो. मानेवर काळे पट्टे आलेत, किती घासलं तरी जात नाहीत. शाळेत चिडवतात. आजी म्हणते खात्यापित्या घरचं पोर आहे. डाएट लावू का? (मडगाव)

बाई, आधी मान घासणं थांबवा, तो मळ नाही. मखमलीसारखी जाड काळी कातडी मानेवर, काखेत येते ती पुष्कळदा अंगात इन्सुलिन जास्त झाल्याची खूण असते. त्याला ओरडू नका, त्याने काही अस्वच्छपणा केलेला नाही, हे त्यालाही समजावून सांगा, त्या पोराने किती दिवस मनात ठेवलं असेल. मुलांच्या डॉक्टरकडे न्या, साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, थायरॉइड काय तपासायचं ते ते ठरवतील.

डाएट लावू नका. तो वाढतोय, त्याला अन्न पाहिजे. बऱ्याच मुलांमध्ये वजन उतरवावंही लागत नाही, ते तिथेच राहिलं आणि उंची वाढली की हिशोब सुटतो. घरात कोल्ड्रिंक आणि पाकिटातला ज्यूस आणायचं बंद करा, त्याच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. तहान लागली की पाणी, सोलकढी (साखर न घालता), शहाळं कधीतरी. शाळेतनं आल्यावर भूक असते तेव्हा वेफर्सऐवजी उकडलेले चणे, अंडं, केळं, भाजीबरोबर अर्धी पोई समोर तयार ठेवा, तयार नसेल तर तो वेफर्सच काढणार. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद, बाबांचा पण. चवथीला नेवऱ्या, पातोळ्या त्याला सगळ्यांसारख्या द्या, त्याच्याच हातातली काढून घेऊ नका. त्या दोन दिवसांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते त्यानंतर पंधरा दिवस डब्यात राहिलेल्या नेवऱ्यांनी, म्हणून कमीच करा आणि वाटून टाका.

आजींना सांगा की नातवाला रोज संध्याकाळी घेऊन मैदानावर जायचं काम त्यांचं. मुलांना दिवसाला एक तास तरी धावपळ हवी, फुटबॉल असो, सायकल असो, मडगावात मैदानांना तोटा नाही. चिडवणाऱ्यांमुळे त्याला टीममध्ये जायचं नसेल तर एका मित्राबरोबर सुरुवात करू दे. आणि महिन्याभराने मला परत लिहा, वजन कळवू नका, तो संध्याकाळी किती वेळ बाहेर होता आणि घरी येऊन काय बोलला ते कळवा.